विंचूरचं अर्धं तिकीट

नाशिकमधल्या माझ्या खोलीच्या दारावर पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी लागली. "कळवणला जुलाब लागलेत. मालेगावला आज जेवण नाही, काल जास्त झालं. विंचूरला ऊन दाखवावं." खाली सही नव्हती, फक्त वेळ होती: सहा चाळीस.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. मी रत्नागिरीचा, अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागलेलो, नाशिक जिल्ह्याचा भूगोल कच्चा. पण एका अख्ख्या तालुक्याला जुलाब लागतात आणि त्याची काळजी आडगावच्या बाजूला राहणारी माझी घरमालकीण करते, हे काही केल्या पचेना.

खाली उतरलो तेव्हा उलगडा झाला. ओट्यावर उन्हाच्या पट्ट्यात चार कुत्री बसली होती आणि माझ्या घरमालकीण काकू त्यांच्यामधून, गर्दीच्या गाडीत दोन सीटांच्या मधून जावं तशा, तिरक्या होऊन पुढे सरकत होत्या. वीस वर्षं त्या लाल डब्यात कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी चाल तीच. जे कुत्रं ज्या स्टॉपवर सापडलं त्याला त्या स्टॉपचं नाव. कान फाटलेली तपकिरी कळवण, अंगाने दांडगा आणि आवाजाने त्याहून दांडगा मालेगाव, अजून अक्कलदाढ न आलेली वणी, आणि सगळ्यात म्हातारा, काळाकुट्ट, छातीवर पांढरा ठिपका असलेला विंचूर. माणसांनाही तोच न्याय. तीन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही.

"ए रत्नागिरी, सरक पुढं. उन्हात उभा राहू नको. ती जागा राखीव हाय."

खरंच राखीव होती. भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, "ही जागा सकाळी आठ ते अकरा कुत्र्यांसाठी राखीव." त्याच्याखाली आणखी सूचना होत्या आणि सगळ्यात शेवटी, "तक्रार वही वाहकाकडे मागितल्यास मिळेल."

मी ती वही पहिल्याच महिन्यात मागितली. पहाटे सहाला डोक्याखाली मालेगाव भुंकायचा, त्याबद्दल.

"कोणाची तक्रार हाय?" काकूंनी विचारलं.

"तुमचीच."

"मग नाय मिळायची."

वही मात्र होती. जाड पुठ्ठ्याची, कपाटात जपून ठेवलेली. आखलेले रकाने होते: प्रवासी, तिकीट, तक्रार, वाहकाचा खुलासा. बाकी सगळी पानं कोरी. "आजवर एकबी तक्रार नाय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायच्या. लिहूच दिली नाही तर येणार कुठून, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. काकूंचं कधी चुकत नसे. एकदा माझ्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "थंडीत घशाला बरं असतं. पी."

थंडी! रत्नागिरीच्या माणसाला थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवणं. नाशिकच्या पहिल्या डिसेंबरने मला असा धरला की मी दोन स्वेटर घालून झोपायला लागलो. पण काकूंना थंडी पडली की उधाण यायचं. दिवाळी संपली की त्यांच्या अंगात वारं शिरे. माळ्यावरून पोती उतरायची, शिलाई मशीनला तेल पडायचं, आणि ओट्याच्या खांबाला एक तापमापक टांगला जायचा, जमिनीपासून जेमतेम एक वीत वर. तो वाचायला मला पोटावर झोपावं लागे.

"एवढा खाली कशाला?" मी विचारलं.

"पेपरातली थंडी माणसाच्या छातीएवढी असती. कुत्रं झोपतं कुठं? फरशीवर. मग मोजायची कुठं?"

त्या शहाबादी फरशीवर मी एकदा अनवाणी उभा राहिलो आणि मला त्यांचं म्हणणं टाचेपर्यंत पटलं. चारही कुत्र्यांना भाजीच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या ठोकून बैठकी केलेल्या होत्या. त्यांवर गोणपाटाच्या गाद्या, आत भाताचा पेंढा. दर रविवारी पेंढा बदलायचा, गाद्या गच्चीवर उन्हात उलट्यापालट्या करायच्या. ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. कधी आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. कुत्र्यांची दिवाळीची अंघोळ झाली की पुढची थेट महाशिवरात्रीला. मधे फक्त ब्रश आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. पिण्याचं पाणी दिवसातून तीनदा कोमट. समोरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन पडेपर्यंत फिरायला नेणं बंद. फिरून आलं की सोळा पंजे पुसायचे, भेगा पडल्या असतील तिथे खोबरेल तेल लावायचं. वणीला हे गुदगुल्यांसारखं वाटे आणि ती माझं तोंड चाटून काढी. मी कुत्र्यांना भिणारा माणूस होतो, हे लिहायचं राहिलं. जानेवारीपर्यंत विसरूनही गेलो होतो.

कुत्र्यांचे कोट तर बघण्यासारखे होते. काकूंनी आपले खाकी युनिफॉर्म कापून ते शिवले होते. विंचूरच्या कोटाला चक्क बटणाचा खिसा होता. तो ते घालून गल्लीतून निघाला की रिटायर होऊन पेन्शनची चौकशी करायला निघालाय असं वाटे. पण ऊन तापलं की कोट उतरलाच पाहिजे. आणि दव पडून ओला झालेला कोट अंगावर राहिला, तर माझी खैर नसे. "ओला कोट घालण्यापेक्षा नागडं बरं," हे त्या इतक्या मोठ्याने म्हणायच्या की शेजारच्या जोशीबाई खिडकी लावून घेत.

आणि तो चिमटा! पूर्वी कंडक्टर तिकिटाला भोक पाडायला वापरत तो लोखंडी चिमटा त्यांनी भंगारवाल्याकडून मिळवला होता आणि तो कायम कमरेला खोचलेला असे. एकदा टक म्हणजे थांबा. दोनदा टक टक म्हणजे चला. कुत्र्यांना हे पाठ होतं. दोनदा वाजलं की फिरायला किंवा जेवायला. वणी उडी मारून उठे, मालेगाव भुंकत, कळवण अंग झाडत. विंचूर सगळ्यात शेवटी. त्याचे मागचे पाय धरलेले असायचे. आधी पुढचे दोन टेकायचा, मग विचार करायचा, मग मागचे. काकू तोवर गाडी सोडायच्या नाहीत.

हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला त्या गल्लीभर फिरत आणि उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीच्या बॉनेटवर चिमट्याने टक टक करत. गल्लीतली पिल्लं इंजिनच्या उबेला खाली झोपतात म्हणून. जोशीकाकांची गाडी नवी होती. ते बनियनवर बाहेर धावले.

"अहो, रंग जाईल!"

"रंग पुन्हा लावता येतो," काकू म्हणाल्या आणि त्याच वेळी पुढच्या चाकामागून दोन पिल्लं लुटूलुटू बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून जोशीकाका स्वतःच हाताने बॉनेट थापटून गाडी काढायला लागले. काकूंनी मला कोपराने ढोसलं.

विंचूर कसा आला, ते मला त्यांनी पोती शिवताना सांगितलं. तेरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत विंचूरला गाडी भरली, सुटली, आणि मागच्या सीटखालून कूं कूं यायला लागलं. मुठीएवढं पिल्लू, थंडीने ताठरलेलं. काकूंनी ते उचलून ब्लाउजमध्ये, छातीशी घातलं. आणि मग मशीनमधून त्याचं अर्धं तिकीट काढलं. विंचूर ते नाशिक.

"कुत्र्याचं तिकीट?" मला हसू आवरेना.

"बसला होता ना गाडीत? मग? वीस वर्षांत माझ्या गाडीत एक मानूस फुकट नाय गेला."

ते तिकीट त्यांनी जपून ठेवलं होतं. मशीनच्या कागदावरची छपाई केव्हाच उडून गेली होती. हातात एक पांढरी कोरी पट्टी होती, पण काकू तिच्यावर बोट ठेवून वाचून दाखवायच्या.

आता बेदाण्यांकडे येतो, म्हणजे मला यावंच लागतं.

काकूंचं माहेर विंचूरजवळचं, द्राक्षवाल्यांचं. भावाचा मळा होता. दर हिवाळ्यात काकू डिंकाचे लाडू करत, आमच्यासाठी. कुत्र्यांसाठी वेगळे, भाजलेल्या बाजरीच्या पिठाचे, थोडं तूप घालून. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात भावाने बेदाण्याचं अख्खं पोतं पाठवलं. मागच्या हंगामात ऐन तोडणीला पाऊस लागला होता आणि बाजारात न गेलेल्या मालाचे त्याने बेदाणे केले होते. एवढे बेदाणे पाहून काकूंचा हात सैल सुटला.

"या साली त्यांनाबी," त्या म्हणाल्या आणि बाजरीच्या पिठात ओंजळी ओंजळीने बेदाणे टाकले. "औषध न मारलेला माल हाय. अंगात ऊब धरंल."

लाडू वळायला मीही बसलो होतो. सकाळी त्यांनी प्रत्येकाला एकेक दिला. विंचूरने माझ्याकडे असं काही पाहिलं की काकू आत गेल्याबरोबर मी त्याला आणखी दोन दिले. म्हातारा आहे, थंडी फार आहे, खाऊ दे. मला किती बरं वाटलं होतं!

दुपारी विंचूर ओकला. ओकारीत फुगलेले बेदाणे होते. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला, उन्हाचा पट्टा सरकला तरी त्याच्यामागे सरकला नाही. काकूंनी कोमट पाणी दिलं, पोट चोळलं, ओवा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा वाजला, तिघं उठली, विंचूरने पुढचे पाय टेकलेच नाहीत. आम्ही रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी होती. तिने पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, आणि विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

काकू ताठ झाल्या. यात त्यांना पूर्ण मार्क मिळणार होते. "बाजरी, साजूक तूप, जरासा गूळ, आन घरचे बेदाणे. मूठ मूठभर."

डॉक्टरचं पेन थांबलं. "बेदाणे?"

"भावाच्या मळ्यातले. एक नंबर माल."

"काकू, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात. मूत्रपिंडं बंद पडतात."

"पोरी," काकू हसल्या, "मी द्राक्षाच्या गावची हाय. आमच्याकडं पोरं पाळण्यात द्राक्षं खात्यात."

"पोरं खातात. कुत्र्यांना चालत नाही. सगळ्यांनाच बाधतं असं नाही, पण ज्याला बाधतं त्याला थोडंसुद्धा पुरतं. काल लगेच आणलं असतंत तर मी सगळं ओकून काढलं असतं. आता सलाईन लावू आणि वाट बघू."

मग माझ्या तोंडून निघालं, "मी आणखी दोन दिले होते. काकूंच्या मागे."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाडू माझा होता," एवढंच म्हणाल्या. आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

रक्त तपासलं, मूत्रपिंडाचा आकडा वर गेला होता. डॉक्टर म्हणाली, "आता एकच गोष्ट बघायची. लघवी. मोकळी झाली तर गाडी रुळावर. नाही झाली, तर मग माझ्या हातात फार काही उरत नाही." उरलेल्या तिघांनाही तपासून घेतलं. ती ठणठणीत होती, मालेगाव तर डॉक्टरवरच भुंकला.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीला दुसरा विषय राहिला नाही. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभाताची फुलं बंद झाली आणि "झाली का?" हा एकच प्रश्न फिरायला लागला. जोशीकाका फोन करून विचारत. दूधवाला विचारी. मी कारखान्यात रजा टाकली आणि कारण लिहिलं, "घरी आजारपण." साहेबांनी कोण आजारी म्हणून विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "विंचूर." ते गोंधळले, पण रजा दिली.

दिवसभर आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसायचो. विंचूर खाकी कोट घालून आडवा, खाली गोणपाट, पायाला सलाईन. बाटली काकू आधी पदरात धरून कोमट करायच्या, डॉक्टरने तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी चार थेंब आले. तेवढेच. चिमटा काकूंच्या मुठीत होता, पण आवाज नव्हता.

"काकू, एकदा वाजवून बघा ना," मी म्हटलं. "डबल बेल ऐकून उठेल तो."

त्यांनी मान हलवली. "डबल बेल म्हंजे जा. मी त्याला जा नाय म्हननार."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बाहेर जाऊन उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. आम्ही विंचूरला उचलून दवाखान्याच्या अंगणात, जिथे कोवळं ऊन आलं होतं तिथे आणलं. तो उभा राहिला. पुढचे पाय, मग विचार, मग मागचे. दोन पावलं टाकली. पुढे डॉक्टरची स्कूटर उभी होती. तिचं मागचं चाक त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. काकूंनी माझं मनगट असं आवळलं होतं की पुढे दोन दिवस ते निळं होतं.

आणि विंचूरने पाय वर केला!

केवढी ती धार! चाक भिजलं, स्टँड भिजला, खाली ओघळ निघाला आणि माझ्या चपलेपर्यंत आला. मी हललो नाही. हलतो कसला! डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर धावत आली आणि स्वतःच्या स्कूटरकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी चिमटा उचलला आणि लोखंडी फाटकावर आपटला, टक टक, टक टक, टक टक! "सुटली रं गाडी! सुटली!" समोरच्या टपरीवरचे लोक चहा हातात धरून बघत राहिले. मी ग्रुपवर टाकलं, "झाली." पुढच्या मिनिटात माझा फोन वाजायचा थांबेना. जोशीबाईंनी पेढ्यांचं चित्र पाठवलं.

आकडा खाली यायला पुढे दहा-बारा दिवस गेले. पण उतरत राहिला.

तो उतरल्यावरच्या रविवारी काकू मला घेऊन एसटीने माहेरी निघाल्या. भावाकडेही मळ्यावर कुत्रं होतं, आणि द्राक्षांची तोडणी सुरू झाली होती. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, असं त्यांचं म्हणणं. निफाड मागे पडलं आणि काकू सीटवरून उठल्या, चिमट्याने वरच्या दांडीवर टक केलं. ड्रायव्हरने सवयीने ब्रेक लावला. सगळी गाडी पुढे झुकली आणि गप्प झाली.

"मी याच रस्त्याला कंडक्टर होते," काकू म्हणाल्या. "मी माझ्या कुत्र्याला बेदाणे चारले. मरता मरता वाचला. द्राक्षं, बेदाणे, मनुका, कुत्र्याला देऊ नका. एवढंच सांगायचंय."

मागून एक टोपीवाले बाबा हसले. "काय बाई! आमच्या मळ्यातलं कुत्रं घडच्या घड खातं. काय होत नाय त्याला."

"माझ्या तिघांनाबी काय झालं नाय," काकू म्हणाल्या. "चौथा मरत होता. तुमचं कितवं हाय, ठाऊक हाय का?"

थोड्या वेळाने बाबांनी खिशातून मोबाईल काढला, घरी लावला आणि खालच्या आवाजात कोणाला तरी म्हणाले, "शेडातलं कुत्रं बांध रं."

संध्याकाळी परत आलो. मी गच्चीवरच्या गाद्या उतरवत होतो, तेवढ्यात काकू वर आल्या. हातात ती जाड पुठ्ठ्याची वही होती.

"लिही. तुझं अक्षर बरं हाय."

मी कठड्याला टेकून वही उघडली. पहिलं पान अजून कोरं होतं.

"प्रवासी, विंचूर." मी लिहिलं. तिकिटाच्या रकान्यात त्यांनी ती छपाई उडालेली पांढरी पट्टी ठेवली आणि भाताच्या शिताने चिकटवली. "तक्रार. वाहकाने कोनाला न विचारता बेदान्याचे लाडू चारले."

"काकू, त्यातले दोन मी..."

"तू प्रवासी हायेस. वाहक मी."

"बरं. वाहकाचा खुलासा?"

काकूंनी खाली पाहिलं. विंचूर ओट्यावर त्याच्या राखीव जागेत खाकी कोट घालून पडला होता.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच. पन मोठ्या अक्षरात लिही."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी खाली सही केली, वही मिटली आणि चिमट्याने कठड्यावर दोनदा टक टक केलं. खाली जेवायची वेळ झाली होती. वणी उडी मारून उठली, मालेगाव भुंकत उठला, कळवण अंग झाडत उठली. मग पुढचे दोन पाय टेकून, जरा विचार करून, विंचूर उठला.